युद्धातल्या जखमींसाठी आणि वारशासाठी चित्रप्रदर्शन : बेळगाव-सीमाभागातल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

युद्धाच्या बातम्या आल्या की बेळगावात कुणीतरी चित्रकार, एखादे ड्रॉइंगचे सर, एखादं गल्लीतलं मंडळ विचारतंच : चित्रं विकून जखमींसाठी पैसे उभे करता येतील का? येतात. मी आणि माझ्या सोबत्यांनी टिळकवाडी, शहापूर आणि खानापूर भागात हे काम केलं आहे. चित्रं मिळतात, माणसं येतात, खिशात हातही घालतात. अडतं ते भलतीकडेच. पैसा कुठल्या वाटेने पाठवायचा, फलकावर काय छापायचं नाही, कुठल्या तारखा टाळायच्या, कुठल्या वस्तू हात जोडून परत करायच्या, हे आधी कुणी सांगत नाही. ते सगळं इथे क्रमाने लिहितो.

‘इथून तिथे आपला काय संबंध?’ हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येईल. उत्तर तयार ठेवा. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना जपानी आक्रमणाला तोंड देणाऱ्या चीनमध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. कोटणीस जखमींवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. वय अवघं ३२. आणि १ मार्च २०२२ रोजी खारकीवच्या तोफमाऱ्यात गेलेला वैद्यकीय विद्यार्थी धारवाडच्या पलीकडच्या हावेरी जिल्ह्यातला होता. संबंध आहे तो असा आहे.

१. पैसे नेमके कुणाला जाणार, हे आधी ठरवा

‘युद्धग्रस्तांच्या मदतीसाठी’ असं मोघम लिहून सुरुवात करू नका. बेळगावचा माणूस देणगी देताना हात आखडत नाही, पण पैसे कुणाला पोचले हे तो नंतर विचारतो आणि त्याने विचारलंच पाहिजे. पत्रिकेवर एका संस्थेचं पूर्ण नाव असलं पाहिजे.

वाटा साधारण तीन. आपल्याच जवानांसाठी करायचं असेल तर सशस्त्र सेना ध्वजदिन निधी आहे. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या शहरात आहे, आणि तालुक्यातल्या कितीतरी गावांत घरटी एक जण फौजेत आहे, त्यामुळे ही वाट लोकांना लगेच पटते. परदेशातल्या युद्धात उपचार पोचवायचे असतील तर रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती (स्थापना १८६३) किंवा ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ (स्थापना १९७१) अशी नाव आणि हिशेब दोन्ही उघड असलेली संस्था निवडा. तिसरी वाट वारशाची. युद्धात सापडलेली संग्रहालयं, हस्तलिखितं, जुन्या वास्तू वाचवण्यासाठी युनेस्कोचा वारसा आपत्कालीन निधी २०१५ पासून चालतो.

इथे पहिला धोका. काही संस्था ‘मदत’ हाच शब्द वापरून ड्रोन, चिलखती जाकिटं आणि लष्करी गाड्यांसाठी पैसे गोळा करतात. तुमच्या प्रदर्शनाचं नाव वैद्यकीय मदतीचं असेल तर पैसा उपचारालाच गेला पाहिजे. संस्थेच्या संकेतस्थळावर ‘आम्ही काय करतो’ हे पान पूर्ण वाचा, मागच्या वर्षाचा अहवाल उघडा. जखमी कुठल्या बाजूचा हे न बघता उपचार करणारी संस्थाच घ्या. १८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या रणांगणावर हेन्री ड्युनां यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून दोन्ही सैन्यांच्या जखमींची शुश्रूषा केली, त्यातूनच रेड क्रॉस उभी राहिली. हे बैठकीत एकदा मोठ्याने सांगितलं की ‘आपण कुणाच्या बाजूचे’ हा वाद बराच कमी होतो.

उपचार आणि वारसा एकाच प्रदर्शनात घ्यावेत का? माझं मत, घ्यावेत. ‘माणसं मरत असताना दगडांचं काय घेऊन बसलात’ असं कुणी म्हणेल. पण युद्धात दवाखाना आणि देऊळ दोन्ही पाडू नये, असंच आंतरराष्ट्रीय कायदाही सांगतो. जखमी आणि आजारी सैनिकांसाठी, युद्धकैद्यांसाठी आणि नागरिकांसाठी १९४९ चे जिनिव्हा करार, सांस्कृतिक ठेव्यासाठी १९५४ चा हेग करार. हेग कराराला भारताने १९५८ मध्ये मान्यता दिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधल्या इव्हान्किव्ह गावातलं छोटं संग्रहालय जळालं, तेव्हा तिथल्या लोककलाकार मारिया प्रिमाचेंको यांची काही चित्रं गावकऱ्यांनी आगीतून बाहेर काढली. चित्रकारांना हे सांगा. वारशाची बाजू वेगळी समजावत बसावी लागत नाही.

मात्र दोन्ही निधी वेगळे ठेवा. प्रत्येक चित्राच्या चिठ्ठीवर ‘उपचार’ किंवा ‘वारसा’ असं लिहा आणि निवड घेणाऱ्यावर सोडा.

२. पैसा आपल्या खात्यातून जाऊ देऊ नका

हा भाग दोनदा वाचा. बहुतेक चांगली कामं इथेच अडकतात.

नवखे लोक काय करतात? मंडळातल्या एका विश्वासू माणसाचा यूपीआय क्यूआर टेबलावर ठेवतात. माणूस खरोखरच विश्वासू असतो. पण वर्षअखेरीला ती रक्कम त्याच्या नावावर उत्पन्न म्हणून दिसते. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात पन्नास हजारांच्या वर आलेली रक्कम करपात्र धरली जाऊ शकते. शिवाय हे पैसे परदेशात पाठवायचे तर बँकेत दुसरी भिंत उभी राहते. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि त्यात देणगीही बसते, पण पाठवणाऱ्याला ‘हे पैसे माझे स्वतःचे आहेत’ असं परदेशी रक्कम पाठवण्याच्या ए-२ अर्जावर सही करून सांगावं लागतं. लोकांकडून जमवलेले पैसे एकाच्या नावाने पाठवताना ती सही खोटी ठरते. हे करू नका.

सगळ्यात सरळ पद्धत अशी : चित्र घेणाऱ्याने टेबलाशी उभं राहून, स्वतःच्या कार्डावरून, ठरलेल्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतःच देणगी द्यायची. ईमेलवर पावती आली की ती दाखवायची, तुम्ही पावतीचा क्रमांक नोंदवहीत घ्यायचा आणि चित्र बांधून द्यायचं. पैशाला तुमचा हात लागतच नाही. चित्रकार चित्र देतो, घेणारा देणगी देतो, तुम्ही मधे साक्षीदार.

या पद्धतीत एक व्यावहारिक अडचण येते. आपल्या बँका नवं कार्ड देताना आंतरराष्ट्रीय व्यवहार बंदच ठेवतात. माणूस आनंदाने चित्र निवडतो आणि टेबलाशी कार्ड नाकारलं जातं, मागे रांग, त्याचा चेहरा उतरतो. म्हणून पत्रिकेवरच लिहा : ‘येण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून मर्यादा ठरवून या. घरी गेल्यावर पुन्हा बंद करा.’ टेबलावर एक कॉलेजचा मुलगा-मुलगी फक्त यासाठी बसवा. आजोबांना ॲपमधला तो पर्याय शोधून देणं हेच त्यांचं काम. मात्र पिन आणि ओटीपी आजोबांनी स्वतःच टाकायचा, मुलांनी त्याकडे पाहायचंसुद्धा नाही. परदेशी संकेतस्थळावर काही वेळा ओटीपी मागितलाच जात नाही. घाबरू नका, पण पत्ता नीट तपासल्याशिवाय कार्डाचा क्रमांक टाकू नका. खोट्या देणगी-पानांचा सुळसुळाट युद्ध सुरू झालं की लगेच होतो. दुवा व्हॉट्सॲपवर आलेला वापरू नका, आधीच तपासून त्याचा क्यूआर स्वतः बनवा आणि टेबलाला चिकटवा.

चित्रांच्या किमती रुपयांत लावा आणि डॉलर, युरो किंवा स्विस फ्रँकमध्ये ती साधारण किती होते याचा तक्ता शेजारी ठेवा. बँक वरून थोडं शुल्क लावते, तेही आधी सांगा.

निधी देशातल्या देशात जाणार असेल, उदाहरणार्थ ध्वजदिन निधीला, तर काम सोपं. तरी पद्धत तीच ठेवा : घेणाऱ्याने थेट निधीच्या खात्यात भरायचं. नोंदणीकृत विश्वस्त संस्था सोबत असेल तर तिच्या खात्यात घेता येतं, पण तिच्या सीएला विचारून. परदेशात खर्च होणारा पैसा भारतीय विश्वस्त संस्थेला धर्मादाय खर्च म्हणून सहसा दाखवता येत नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मान्यता लागते. त्यामुळे परदेशी मदतीसाठी स्थानिक संस्थेचं खातं ही वाट धरूच नका.

आणखी दोन सापळे. एक, कर सवलत. ‘८०जी मिळेल का?’ हे विचारणारे येतातच. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर ती मिळत नाही, हे स्पष्ट सांगा. देशातल्या संस्थेला दिली तरी बदल्यात चित्र घेतल्यावर ती निव्वळ देणगी राहत नाही, आणि रोख दोन हजारांच्या वर दिली तर सवलत नाहीच. दोन, परदेशी राहणारे आपले लोक. अमेरिकेत स्थायिक झालेला भाचा उत्साहाने हजार डॉलर तुमच्या मंडळाला पाठवू बघेल. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलेलं असेल तर त्याची देणगी ही परदेशी देणगी ठरते, आणि परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी नसलेल्या मंडळाला ती घेता येत नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी नाही. त्याला सांगा, तू तिथूनच थेट संस्थेला दे आणि पावती आम्हाला पाठव.

३. कलाकार आणि चित्रं

बेळगावला चित्रकलेची मोठी परंपरा आहे. के. बी. कुलकर्णी यांनी इथे चित्रमंदिर चालवलं, रवी परांजपे आणि जॉन फर्नांडिस यांच्यासारखे चित्रकार त्यांच्या हाताखाली घडले. त्या घराण्याची निसर्गचित्रं आणि व्यक्तिचित्रं इथल्या भिंतींवर अजून भाव खातात. म्हणून चित्रकारांना ‘युद्धावरच काढा’ असा आग्रह धरू नका. पावसातला खानापूरचा रस्ता, यळ्ळूरच्या राजहंसगडाची संध्याकाळ, हलशीच्या देवळाचं जोतं, अशी चित्रं लोक दिवाणखान्यात लावतात, आणि विकली तर त्यातूनच जखमींना मलमपट्टी मिळते.

ज्यांना युद्धावर काढायचं असेल त्यांना दोन अटी सांगा. वृत्तसंस्थांच्या छायाचित्रावरून हुबेहूब चित्र काढून विकायचं नाही, त्यावर छायाचित्रकाराचा हक्क असतो. आणि ओळखू येईल असा जखमी चेहरा, विशेषतः मुलाचा, दाखवायचा नाही. त्या मुलाला कुणी विचारलेलं नाही.

चित्र घेताना एका पानाचं संमतीपत्र भरून घ्या : चित्राचं नाव, माध्यम, मोजमाप, किमान किंमत, किती वाटा निधीला (पूर्ण, की रंग-चौकटीचा खर्च वजा करून), विकलं नाही तर कधी परत नेणार, वाहतुकीत नुकसान झालं तर काय. कलाकाराने खर्च मागितला तर नाक मुरडू नका. कॅनव्हास आणि रंग त्यालाही विकतच घ्यावे लागतात. फक्त ज्या चित्रात खर्चाचा वाटा आहे, तिथे घेणाऱ्याने तेवढी रक्कम कलाकाराला वेगळी द्यायची आणि उरलेली संस्थेला, हे चिठ्ठीवर लिहून टाका.

छोटी चित्रं जास्त ठेवा. दीड-दोन हजारांच्या आतली जलरंगातली चित्रं, रेखाटनं, पोस्टकार्डाएवढे छाप पटापट जातात. मोठी तैलचित्रं लोक बघतात, कौतुक करतात आणि पुढे जातात.

व्यक्तिचित्राचं प्रात्यक्षिक मात्र जरूर ठेवा. आमच्याकडे मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार काका खुर्चीवर बसले होते. आधी कॉलर, मग मिशी, मग छातीवरची पदकं, सारखी करत राहिले. चित्रकाराने उंबर या तपकिरी रंगाच्या पातळ थराने कपाळ आणि नाकाचा कणा उचलला आणि सभागृहातली कुजबूज थांबली. रंग सुकत असताना काकांनी मुलांना, मांडीला गोळी लागली तर पट्टी कुठे आणि किती घट्ट आवळायची, आणि ती बांधल्याची वेळ जखमीच्या कपाळावर का लिहून ठेवायची, ते दाखवलं. ते चित्र पूर्ण व्हायच्या आत त्याला मागणी आली. प्रात्यक्षिकासाठी भाषण करणारा पाहुणा शोधण्यापेक्षा असा माणूस शोधा.

४. काय घ्यायचं नाही

लोक मायेने काहीही आणून देतात. नाही म्हणायला शिकावं लागतं.

*जुन्या वस्तू.* शहापूर, वडगावच्या जुन्या घरांतून एखादी पितळी मूर्ती, पोथी, राजा रविवर्मा छापखान्याचं चित्र ‘तुमच्या कामाला विका’ म्हणून येतं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनं ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित, हे पुरावशेष ठरतं. त्यांची विक्री परवाना असलेल्यालाच करता येते आणि ते देशाबाहेर नेता येत नाहीत. वारसा वाचवायच्या कामातच आपल्या वारशाची चोरटी विक्री व्हायला नको. वस्तू घरीच ठेवायला सांगा आणि तिची नोंद करून द्या. नोंद कशी करायची ते नवव्या पायरीत आहे.

*औषधं.* हे सगळ्यात जास्त येतं आणि सगळ्यात जास्त नुकसान करतं. बोस्नियाच्या युद्धात १९९२ ते १९९६ या काळात देणगी म्हणून आलेल्या औषधांपैकी सुमारे १७ हजार टन औषधं निरुपयोगी निघाली : मुदत संपलेली, अर्धवट वापरलेली, तिथल्या डॉक्टरांना वाचता न येणाऱ्या लेबलांची. ती नष्ट करणं हाच युद्धात होरपळलेल्या देशावर आणखी एक बोजा झाला. पोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक तत्त्व आहे. घरातल्या डब्यातली पाकिटं त्यात बसत नाहीत.

*रक्त.* रक्त परदेशी युद्धभूमीवर पाठवता येत नाही, तांबड्या पेशी जेमतेम पाच-सहा आठवडे टिकतात. पण प्रदर्शनाच्या जोडीने इथल्याच रक्तपेढीसाठी शिबिर घेतलं तर उत्तम. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, पुरुषांना दोन दानांत तीन महिने आणि स्त्रियांना चार महिने अंतर. शिबिर रक्तपेढीनेच चालवायचं, तुम्ही फक्त जागा आणि माणसं द्यायची.

जुने कपडे, ब्लँकेटं : नको. वाहतुकीचा खर्च वस्तूच्या किमतीहून जास्त होतो.

५. तारीख, जागा, परवानगी

बेळगावात तारीख निवडणं हे अर्धं काम. जून ते सप्टेंबर विसरा. इथल्या पावसात जलरंगाचा कागद भिंतीवरच फुगतो आणि चौकटीच्या आत बुरशी धरते. गणेशोत्सवात सगळे कार्यकर्ते मंडळांत. १ नोव्हेंबरच्या आसपास एकीकडे कर्नाटक राज्योत्सव, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन, पोलीस कुठल्याही कार्यक्रमाला सहज हो म्हणत नाहीत. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असलं की लॉजच्या खोल्या मिळत नाहीत आणि बंदोबस्तामुळे परवानग्या रखडतात. ध्वजदिनाला जोडून करायचा मोह होतो, पण तो याच गर्दीत येतो. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचा हुतात्मा दिन. त्यानंतरचा जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारीची सुरुवात मला सगळ्यात चांगली वाटते : हवा कोरडी, परीक्षांना अजून अवकाश.

जागेसाठी टिळकवाडीतलं वरेरकर नाट्यगृह, मराठा मंदिर, वाचनालयांची आणि शाळांची सभागृहं आधी पाहा. बघायला दुपारी जा आणि दिवे लावून पाहा. वरून येणारा ट्यूबलाइटचा उजेड काचेवर चमकतो, चित्र दिसत नाही. खिळे ठोकायची परवानगी नसेल तर साखळ्या आणि आकडे, किंवा मांडववाल्याकडून कापड लावलेल्या जाळ्या. रात्री कुलपाची किल्ली कुणाकडे राहणार, हे लेखी घ्या.

पोलीस परवानगीसाठी शहरात हद्दीच्या ठाण्यात अर्ज द्यावा लागतो. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर तो वेगळा लिहा, रात्री दहानंतर नाही. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत दिला तर टेबलावरून लवकर पुढे सरकतो, मराठी प्रत सोबत जोडा. अर्जात ‘निधी संकलन’ एवढंच लिहिलं की चार प्रश्न जास्त येतात. ‘चित्रप्रदर्शन, देणगी खरेदीदार थेट अमुक संस्थेला देतील, आयोजक रोख रक्कम स्वीकारणार नाहीत’ असं लिहा. आणि गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळात परवानग्यांची धावपळ करणारा जो एक कार्यकर्ता असतो, त्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. कुठल्या टेबलावर कुठली सही लागते हे त्याला तोंडपाठ असतं.

६. फलक आणि पोस्टर

पोस्टरवर लाल क्रॉस काढू नका.

विद्यार्थ्यांना पोस्टर करायला सांगितलं की दहातल्या आठांत तो असतोच, कारण गावातल्या दवाखान्यांवर, औषध दुकानांवर, रुग्णवाहिकांवर तो सर्रास दिसतो. पण भारतात १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार पांढऱ्यावर लाल क्रॉस, तसंच लाल चंद्रकोर, ही चिन्हं केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाहीत आणि वापरल्यास दंड आहे. दंडापेक्षा कारण मोठं आहे. रणांगणावर त्या चिन्हाचा एकच अर्थ असतो : इथे गोळी झाडू नका. ते कुणीही कशावरही लावू लागलं तर खऱ्या रुग्णवाहिकेचं संरक्षण पातळ होतं. विद्यार्थ्यांना हे कारण सांगा. ते स्वतःहून दुसरं काही शोधतात : पट्टी बांधणारे हात, स्टेथोस्कोप, कंदील घेतलेली परिचारिका.

वारशासाठीही असंच एक चिन्ह आहे, निळ्या-पांढऱ्या ढालीचं, हेग करारातलं. तेही सजावटीला घेऊ नका. युनेस्कोचं बोधचिन्ह, संस्थांचे लोगो, ‘यांच्या सहकार्याने’ ही ओळ, यातलं काहीही लेखी परवानगीशिवाय छापायचं नाही. ‘देणगी अमुक संस्थेला जाईल’ असं साध्या अक्षरांत लिहिणं पुरेसं आहे.

भाषेचं बोलूया. २०२४ च्या सुधारणेनंतर कर्नाटकात आस्थापनांच्या नामफलकांवर ६० टक्के कन्नड असावं लागतं, तेही वरच्या भागात. कार्यक्रमाच्या फलकालाही तोच मापदंड धरा : वर कन्नड, खाली मराठी आणि इंग्रजी. आपल्या भाषेबद्दलचा आपला आग्रह खरा आहे आणि तो मांडायला जागा आहेत. जखमींसाठीचं काम फलकाच्या वादात दोन दिवस बंद राहणं कुणाच्याच भल्याचं नाही. कन्नड मजकूर मात्र यंत्राकडून करून घेऊ नका, कन्नड शाळेतल्या शिक्षकांकडून तपासून घ्या. त्या निमित्ताने कन्नड चित्रकारही सोबत येतात, आमच्याकडे आले आणि त्यांची चित्रं पहिल्याच दिवशी गेली.

प्लॅस्टिक फ्लेक्सवर राज्यात २०१६ पासून बंदी आहे. कापडावर हाताने रंगवा. तुमच्याकडे चित्रकार आहेतच! रस्त्यावर लावायचा असेल तर महापालिकेची परवानगी वेगळी.

७. कागदपत्रांची यादी

एका फाइलमध्ये, दोन प्रतींत :

- आयोजकांपैकी दोघांचे आधार आणि पॅन
- संस्था असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि ठरावाची प्रत
- सभागृहाचं आरक्षणपत्र आणि भाड्याची पावती
- पोलीस परवानगी, ध्वनिक्षेपक परवानगी, फलकाची परवानगी
- प्रत्येक कलाकाराचं संमतीपत्र
- चित्रांची क्रमांकवार यादी, प्रत्येकाच्या छायाचित्रासह
- विक्री नोंदवही : चित्र क्रमांक, किंमत, घेणाऱ्याचं नाव, देणगी पावतीचा क्रमांक, सही
- रक्तदान असेल तर रक्तपेढीचं पत्र

घेणाऱ्याच्या कार्डाचा क्रमांक किंवा पॅन नोंदवहीत घेऊ नका. पावतीचा क्रमांक पुरतो.

८. प्रदर्शनाचे दिवस

उद्घाटन छोटं ठेवा. सत्कार, शाल, नारळ यात तास गेला की आलेली माणसं चित्र न बघता निघतात.

एक भिंत माहितीसाठी राखा. तिच्यावर युद्धात वारसा वाचवल्याची चार-पाच उदाहरणं मोठ्या अक्षरांत लावा. १९४२ मध्ये बॉम्बहल्ल्याच्या भीतीने ताजमहालाच्या घुमटाभोवती बांबूची परांची बांधली होती, १९७१ च्या युद्धात तो हिरव्या कापडाने झाकला होता. मिलानमध्ये ऑगस्ट १९४३ च्या बॉम्बवर्षावात भोजनगृह ढासळलं, पण लिओनार्दोचं ‘शेवटचं भोजन’ असलेली भिंत वाळूच्या पोत्यांमुळे उभी राहिली. टिंबक्टूमधल्या जुन्या कबरी २०१२ मध्ये पाडल्याबद्दल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१६ मध्ये एकाला नऊ वर्षांची शिक्षा दिली. ताजमहालाचा मजकूर लोक दोनदा वाचतात, मग घरच्यांना हाक मारून दाखवतात.

विकलेल्या चित्रावर लाल टिकली लावा, पण चित्र शेवटच्या दिवसापर्यंत भिंतीवरच राहू द्या. बाहेरगावचा माणूस असेल तर अपवाद. बांधताना चित्रावर आधी बटर पेपर, मग दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, कोपऱ्यांना जाड घड्या, आणि टेप पुठ्ठ्यालाच, कागदाला कधीही नाही. काच असेल तर काचेवर चिकटपट्टीची फुली मारा, फुटली तरी तुकडे चित्रावर घसरत नाहीत.

९. पैशापलीकडचं काम : आपल्या गावच्या वारशाची नोंद

ज्यांना पैसे देणं जमत नाही त्या तरुणांना हे काम द्या. युद्ध असो की पूर असो की चोरी, ज्या वस्तूची नोंद नाही ती गेल्यावर शोधता येत नाही. २०२२ मध्ये युक्रेनच्या संग्रहालयांची आणि ग्रंथालयांची संकेतस्थळं बंद पडण्याआधी साठवून ठेवायला जगभरातले हजाराहून अधिक स्वयंसेवक घरबसल्या राबले. तेच आपल्या गल्लीपासून सुरू करता येतं.

मूर्ती, पोथी, जुनं शस्त्र अशा वस्तूसाठी ‘ऑब्जेक्ट आयडी’ ही १९९७ पासूनची आंतरराष्ट्रीय पद्धत वापरा. चोरीला गेलेली वस्तू ओळखता यावी म्हणून ती बनवली आहे : छायाचित्र, प्रकार, मोजमाप, कशाची बनलेली, अक्षरं वा खुणा, ओळखीची वैशिष्ट्यं (तुटलेलं बोट, डाग, जोड), विषय, काळ, कर्ता. शेवटचे दोन माहीत नसतील तर कोरे सोडा, अंदाजाने ‘कदंबकालीन’ लिहू नका. यातली ओळखीची वैशिष्ट्यं सगळ्यात मोलाची. उत्सवमूर्ती शेकडो सारख्या असतात, डाव्या कानामागे दुरुस्तीचा टाका असलेली एकच असते.

खानापूर भागात वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा, पुष्कळ आहेत, काही मारुतीच्या देवळाच्या पायरीत बसवलेले. छायाचित्र सकाळी किंवा संध्याकाळी तिरक्या उजेडात घ्या, शेजारी पट्टी ठेवा, समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक. अक्षरं दिसावीत म्हणून खडू घासू नका, पाणी ओतू नका. ऑइलपेंट लावलेला असेल तर खरवडू नका. गावातल्या पंचांना सांगून, विचारून काम करा आणि नोंदीची एक प्रत गावातच ठेवा. देवळातल्या मौल्यवान मूर्तींच्या नोंदी समाजमाध्यमांवर टाकू नका, चोरांना तो आयता पत्ता होतो.

हात चांगला असलेल्या मुलांना कॅमेऱ्यासोबत वही द्या. फोटोत सावलीत गेलेली रेघ रेखाटनात येते. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात बसून एका मुलीने खांबाच्या एकाच कमळाचं पूर्ण दुपारभर रेखाटन केलं. पाकळीच्या टोकाला टाकी निसटल्याची खूण तिला दिसली, फोटोत ती कुणालाच दिसली नव्हती.

बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आणि सफा मशीद पाहायला जाल तेव्हा ध्यानात ठेवा, किल्ल्याच्या परिसरात लष्कराचा वावर आहे. कॅमेरा काढण्याआधी विचारा, ड्रोन अजिबात नको. संरक्षित स्मारकात मोजपट्टी, तिपाई लावायची असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या.

१०. हिशेब आणि परतावा

प्रदर्शन संपल्यावर आठवड्याच्या आत हिशेब लावा : किती चित्रं आली, किती गेली, उपचाराला किती, वारशाला किती, सभागृह आणि चहापाण्याचा खर्च कुणी उचलला. खर्च देणगीतून कापायचा नाही, तो आयोजकांनी किंवा एखाद्या दुकानदाराने आधीच उचललेला असावा. हिशेबाची प्रत सभागृहाच्या सूचनाफलकावर, वाचनालयात आणि प्रत्येक कलाकाराच्या हातात द्या. घेणाऱ्यांची नावं न विचारता छापू नका, काहींना ते नको असतं.

न विकलेली चित्रं कलाकाराच्या घरी तुम्ही स्वतः पोचवा. संमतीपत्रावर ‘परत मिळालं’ अशी सही आणि तारीख घ्या, मागची बाजू कलाकारासमोर उघडून दाखवा. नोंदवही आणि फाइल पुढच्या वेळी लागतात, म्हणून त्या एकाच ठरलेल्या घरी ठेवा आणि ते घर कुठलं हे किमान तिघांना माहीत असू द्या.